उजवा कौल

हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं मी. कागद मशीनला लावला आणि ओढून काढला, असं किती वेळा झालं. कारण सरळ आहे. यातले आत्माराम गावकार, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, माझे सख्खे चुलते. माझी आई अजून त्याच गावात राहते, गावकीच्याच विहिरीचं पाणी पिते. पण गप्प बसून डोकं फुटायची वेळ आली. शाळा चौथीपर्यंत, टायपिंग बघून बघून शिकलो. भाषा चुकली तर चालवून घ्या.

रत्नागिरीत हरिश्चंद्र वकिलांच्या पडवीत मी अर्ज टाइप करतो. त्या दिवशी बांधाच्या भांडणाचा एक कंटाळवाणा अर्ज चालला होता. तेवढ्यात राही आली. माझा लहानपणापासूनचा दोस्त महिपत, त्याची बायको. तिच्या मागं नाटे गावचा मुसा तांडेल. महिपत त्याच्याच मचव्यावर खलाशी.

"केरू भावजी, ह्येंना सक्तमजुरी लागली," राही उभ्याउभ्याच म्हणाली. "हितल्याच तुरुंगात आणलानी."

"कशाबद्दल?"

"देवीचं रूपं चोरलं म्हणून."

रूपं म्हणजे पालखीत लावायचा चांदीचा मुखवटा. तो देवळातून गेला. आमच्या गावात चोरी झाली की चोर शोधत नाहीत, कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, एकेक नाव घेतो. उजवी पडली की हाच चोर, असं गावकार सांगतो. महिपतचं नाव घेतलं आणि उजवी पडली. सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

महिपत म्हणाला, मी नाय केली. मग गावानं वाळीत टाकला. विहीर बंद, विस्तव बंद. कापलेलं भात खळ्यात पडून, झोडायला माणूस येईना. आत्मारामकाका त्याच्या घरी येऊन समजावून गेले, "देवळाच्या पायरीवर उभा ऱ्हा, केली म्हण, देवीची माफी माग. गाव पोटात घेईल." असंच चालत आलंय आमच्याकडे. केलेलं असो नसो, पायरीवर जाऊन हो म्हणायचं, की भांडण मिटलं. महिपत गेला, हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी फौजदार आला आणि ज्यांनी पोटात घेतलं त्यांतल्याच पाच जणांनी त्याच्या कबुलीच्या साक्षी दिल्या.

"मुखवटा सापडला त्याच्याकडे?" वकिलांनी विचारलं.

"मुखवटा कुनाकडंच नाय गावला."

"आणि चोरी झाली त्या रात्री हा कुठे होता?"

"माज्या मचव्यावर," मुसा म्हणाला. "नाट्याच्या खाडीत. रातभर घोरत व्हता, मना डोला लावू देईना. सकाली मी सुकी मासली घेऊन मुंबैस गेलो. परत येतो तर ह्यो तुरुंगात! वकीलसाब, मना कोन इचारलाच नाय."

"महिपतनं सांगितलं नाही कोर्टात?"

राहीनं मान खाली घातली. "मॅजिस्ट्रेट बोल्ले, वकील हाय काय? ह्ये बोल्ले, नाय. मग बोल्ले, तुला काय सांगायचं हाय? तर ह्ये म्हणतात, देवीनं सांगितलंन, मी तिला खोटी कशी पाडू?"

मला असा संताप आला की मशीनवर मूठच आपटली. अक्षरं एकमेकांत अडकली. "अहो वकीलसाहेब, राज्यघटना झाली ना आता? आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला लावायचं नाही, त्याला वकील घेता येतो, तुम्हीच मला वाचायला दिलंत!"

"दिलं. पण घटना सरकारचे हात बांधते, तुझ्या गावकीचे नाही. आणि वकील घेता येतो हे त्याला सांगितलं कोणी?"

"मग ती छापली कशाला?"

"ओरडू नकोस माझ्यावर. धाकानं घेतलेली कबुली ग्राह्य धरायची नाही, हा जुनाच कायदा आहे. अपील होईल. मुसाभाईंची साक्ष घ्या म्हणून मागणी करू. तू टाइप कर, आणि त्याचा अंगठा घेऊन ये."

मला वाटलं, सुटलाच महिपत.

राहीला घेऊन तुरुंगात गेलो. गजाआड महिपत वाळून गेलेला दिसला. तरी हसला. "जेवाण बरा हाय रे केरू. गावानं विस्तव बंद केलान तवापेक्षा बराच."

मी अपील वाचून दाखवलं. कबुली खोटी आहे, गावानं वाळीत टाकून घेतलेली आहे, इथपर्यंत आलो आणि त्यानं हात मागं घेतला.

"ह्या काढ."

"हेच तर मुख्य आहे, गाढवा!"

"ह्या गेला की गाव राहीला परत वाळीत टाकील. देवीला खोटी पाडलीस म्हणतील. मी हितं जेवतोय, ती काय खाईल? काढून येईन मी शिक्षा."

"आणि खरंच वाटतंय तुला, की तू चोरलंस?"

तो हळूच म्हणाला, "कदी कदी वाटता. देवी उगाच कशाला बोलंल?"

कायद्याचं कुठलं कलम तिथं पोचणार होतं?

राही मात्र गजाला येऊन भिडली. "देवी कवा बोलली? पाकळी ओली व्हती, सुकली नि पडली. बोल्ले ते आत्मारामकाका. मुसाभाय रातभर तुमचं घोरणं ऐकत व्हता, त्ये खोटं नि पाकळी खरी?"

"पाणी कुठनं आणशील?"

"वहाळावरनं."

"वहाळ आटंल शिमग्यापर्यंत."

"तर आटू दे! चोराची बायको म्हणून विहिरीवर जातेय, बाया घागरी बाजूला घेतात. त्ये पाणी गोड लागतं व्हय मला? लावा अंगठा."

त्यानं लावला. शाई जास्त लागली म्हणून शिपाई खेकसला.

निघताना महिपतनं माझं मनगट धरलं. "कोर्टात तू म्हणशील, वकील म्हणतील, मी नाय केली. पन मी हो बोल्लो त्ये कोर्टात नाय रे. त्ये पायरीवर. सगळा गाव बघत व्हता. तिथं नाय कोन म्हनंल?"

काका डोळ्यांपुढं आले. आई आली, तिची घागर आली. अपील लागेल की फेटाळलं जाईल, मला माहीत नाही. तोवर चोर तोच, आणि गाव निवांत.

"मी म्हणेन," मी त्याला म्हणालो. "गाव जमेल त्या दिवशी पायरीवर उभा राहीन आणि महिपतनं चोरी केली नाही, असं काकांसमोर मोठ्यानं सांगेन. तू सुटलास तरी आणि नाही सुटलास तरी."