होडीच्या कडेला उभा माणूस

मासळीची पाटी रिकामी करून चंद्रावती थेट फोटोवाल्याच्या दुकानात आली आणि बाकावर मटकन बसली. उद्या नवऱ्याचं, लवूचं, वर्षश्राद्ध. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता, आणि मोबाईलमध्ये एकच सापडला: नव्या होडीच्या पूजेचा. त्यात लवू कडेला, बोटाएवढा.

दुकानातल्या वर्षालीने त्याचा चेहरा स्क्रीनभर मोठा केला. नुसते चौकोन चौकोन दिसले.

"ह्यो कोण गो?"

"काकाच. तोंडार ठिपकेच थोडे आसत, काकू. जाळा ताणलां तर भोकां मोठी होतत, सूत वाढता काय?"

"मोबाईलात तर बरो दिसता!"

"थंय बारीक दिसता म्हणान बरो."

चंद्रावतीच्या अंगात वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं. "होडी दिसाक व्हयी म्हणान सगळ्यांनी त्येकाच बाजूक केल्यांनी," ती पुटपुटली.

वर्षालीने होडीसकट अख्खा फोटो पोस्टकार्डाएवढा छापला. त्यात लवू लहानसा, पण लख्ख दिसत होता, अगदी त्याचं हसूसुद्धा.

चंद्रावतीने तो डोळ्यांजवळ धरला. "ह्यो तोच. मोठो नको माका," ती म्हणाली. "बघणाऱ्यान जवळ येवन बघूचा."