पदराआडचं तोंड

सिडकोतल्या त्या दातांच्या दवाखान्यात सकाळी साडेदहाला पहिला पेशंट खुर्चीत बसायचा आणि अकराच्या आत अपेक्षाचं डोकं तापायचं. डॉक्टर करुणा मॅडम दात बघायच्या, भरायच्या, काढायच्या. पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना समजावून सांगायचं काम मात्र अपेक्षाचं. तीन वर्षं ती रोज तेच तेच सांगत होती. रात्री झोपताना ब्रश करा. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून किडू देऊ नका. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका, उलट साफ करून घ्या. तंबाखू, पुडी, मिश्री बंद. लोक माना डोलवायचे आणि दवाखान्याच्या पायरीवरच पुडी फोडायचे.

त्या मंगळवारी एक आजोबा वरची दाढ काढायला आले आणि खुर्चीत बसल्यावर एकदम उठून उभे राहिले, कारण वरची दाढ काढली की नजर जाते असं त्यांना बसमध्ये कोणीतरी सांगितलं होतं. त्यांची समजूत घालण्यात पाऊण तास गेला. त्यांच्यामागून एक रिक्षावाला आला. सहा महिन्यांपूर्वी अर्धा इलाज सोडून गेलेला, आता गाल टम्म सुजवून परतलेला.

"मॅडम, दर्द तो चला गया था ना, मग यायचं काहून?"

"दर्द गेला म्हणजे आजार गेला नाही हो भाऊ. आतली नस मेली, म्हणून कळेना झालं. कीड तिचं काम करतच होती."

हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की तिचं तिलाच कंटाळवाणं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. वेरूळच्या पुढं असलेल्या गावाहून वडिलांचा, पुंडलिकरावांचा.

"अपे, तुझ्या आईला परत तोंड आलंय. त्या लाल गोळ्या सपल्या. येताना घेऊन ये."

"बरं अण्णा," म्हणून तिनं फोन ठेवला. मॅडम हातमोजे काढत होत्या. त्यांनी विचारलं, "दिवाळीपासून कितव्यांदा गोळ्या नेतेस गं आईला?"

"चौथ्यांदा."

"तोंडात पाहिलंस?"

अपेक्षा ट्रेमधली हत्यारं आवरायला लागली.

"पंधरा दिवसांत न भरलेली जखम दाखवायलाच पाहिजे, हे या दारात येणाऱ्या प्रत्येकाला तूच सांगतेस ना?"

अपेक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या शहराला आ करायला लावणाऱ्या मुलीनं स्वतःच्या आईच्या तोंडात एकदाही डोकावलं नव्हतं. संक्रांतीला घरी गेली होती तेव्हा आईनं तिळाचा लाडू हातात घेऊन तोंडात न घालता हळूच बाजूला ठेवला होता. अपेक्षानं ते पाहिलंही होतं. पाहून काय केलं? गोळ्यांची एक पट्टी जास्त ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती गावी गेली. दारातच ठसका लागला. चुलीवर लोखंडी तव्यात तंबाखूची पानं भाजायला टाकलेली आणि आई, रत्नमालाबाई, नाकाला पदर लावून ती खालीवर करत बसलेली. पानं काळी झाली की चुरायची, चाळायची, डबीत भरायची. या घरातल्या बायकांचे दात गेली तीन पिढ्या याच मिश्रीनं घासले जात होते. घासून थुंकून टाकली असती तरी एक वेळ ठीक. पण सकाळची चिमूट दुपारपर्यंत गालात राहायची आणि दुपारची संध्याकाळपर्यंत.

आजी लक्ष्मीबाई उंबऱ्यापाशी बसून देखरेख करत होत्या. नवी वहिनी मोनिका तांदूळ निवडत होती. तिला सहावा सरत आला होता.

"वहिनी, हिरड्यांतून रक्त येतं म्हणाली होतीस ना? या दिवसांत हिरड्या फुगतात. दवाखान्यात येऊन साफ करून घे, बाळाला काही होत नाही," अपेक्षा म्हणाली.

"दवाखाना कसाला?" लक्ष्मीबाई मध्येच बोलल्या. "डोहाळजेवणाला तिची डबी तिला देणारच हाये. बाळंतपणात दात हलत्यात. मिश्रीनं आवळून राहत्यात."

ही त्या घराची रीत. पहिल्या बाळंतपणाआधी, डोहाळजेवणाच्या दिवशी, सासूनं आपल्या बोटानं सुनेच्या हिरड्यांना मिश्री लावायची आणि डबी तिच्या ओटीत घालायची. लक्ष्मीबाईंना त्यांच्या सासूनं लावली, लक्ष्मीबाईंनी रत्नमालेला लावली. तेव्हा रत्नमाला एकोणीस वर्षांची होती. चक्कर येऊन पडली होती, आणि बायका हसल्या होत्या. आता मोनिकेची पाळी होती आणि लावणारी रत्नमाला होती.

"आजी, त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो. पोटातल्या लेकराचं वजन भरत नाही."

"मला झाला का? पन्नास वर्षं लावते."

आजीच्या तोंडात सात दात उरले होते आणि त्या सातांच्या जोरावर त्या सगळ्या वैद्यकशास्त्राला खोटं पाडत होत्या.

दुपारी पुरुष जेवले, मग आजी, मग मोनिका. सर्वांत शेवटी रत्नमाला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. सासऱ्यासमोर सुनेनं दात दिसतील असं हसायचं नाही, जांभई द्यायची ती पदराआड, आणि जेवताना तोंड हलताना कोणाला दिसायला नको, अशी तिथली शिस्त. सासरे काकासाहेब ओसरीवर बसलेले. सत्तावीस वर्षांत त्या शिस्तीत तिची एकदाही चूक झाली नव्हती.

अपेक्षा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि पाहतच राहिली. आई वांग्याच्या भाजीची फोड वाटीतल्या पाण्यात धूत होती. तिखट पार निघून गेल्यावर ती फोड बोटानं चुरगळून, दुधात कालवलेल्या भाकरीबरोबर गिळत होती. चावत नव्हतीच.

"आई, कव्हापासून असं खातेस?"

"झाले की दिवस. झोंबतं गं जरा. तू जेव."

"तोंड उघड. बघू दे."

"आता नाय. मामंजी बसलेत बाहेर."

अपेक्षानं तिला हाताला धरून परसात नेलं, गोठ्यामागं, उन्हात. तिथं कोणी नव्हतं, तरी आईनं आधी चारी बाजूंना पाहिलं. मग तोंड उघडलं. दोन बोटं मावतील, तेवढंच. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, त्याच्यामध्ये लाल मांस आणि कडा वर आलेल्या. अपेक्षानं बोट लावलं. कडक लागलं. दवाखान्यात असं तिनं तीनदा पाहिलं होतं. तिन्ही वेळा मॅडमनी पेशंटला बाहेर बसवून आधी नातेवाइकांना आत बोलावलं होतं.

"मंगळवारच्या आत हिला शहरात नेते," ती ओसरीवर येऊन म्हणाली. "तुकडा काढून तपासावा लागेल."

मग जे सुरू झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात व्हावं तसंच. पुंडलिकराव म्हणाले, अद्रक काढायला आलीय, मजूर ठरलेत, त्यांचा स्वयंपाक कोण करणार? लक्ष्मीबाई म्हणाल्या, तुकडा काढला, सुई लागली की पसरतं, त्यांच्या माहेरी एकीचं तसंच झालं होतं. ती बाई सुईनं गेली नव्हती, उशिरा नेल्यानं गेली होती, पण हे सांगायला ती थोडीच उरली होती! काकासाहेब म्हणाले, डोहाळजेवणाच्या पत्रिका वाटून झाल्यात, बाराच दिवस राहिले, घरात कार्य आहे. आणि ज्या बाईच्या गालात ते वाढत होतं, ती म्हणाली, "कार्य पार पडू दे बाई. मग कुठंबी ने."

अपेक्षा रडली, ओरडली, आजीपुढं हात जोडून पाहिले. शेवटी हात हलवत परत आली. पुढचे बारा दिवस ती पेशंटना समजावत होती आणि दर दोन तासांनी घरी फोन करत होती. पुंडलिकरावांनी चौथ्या दिवसापासून फोन उचलणं सोडलं. मॅडमनी हॉस्पिटलात बोलून वेळ घेतली, ती टळली. दुसरी घेतली, तीही टळली. बारा दिवस एका बाईच्या तोंडापेक्षा मांडवातली फुलं महत्त्वाची होती.

डोहाळजेवणाला अंगण बायकांनी भरलं. मोनिका हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. ओटी भरून झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी नवी डबी रत्नमालेच्या हातात दिली. "लाव गं सुनेला."

रत्नमालेनं डबी उघडली. चिमूट बोटावर घेतली. मोनिकेनं भीत भीत ओठ उघडले. एकोणीस वर्षांची पोर, डोळे मिटून बसलेली.

रत्नमालेचा हात तिथंच थांबला.

"लाव की. काय बघतीस?"

"नाय," रत्नमाला म्हणाली.

"काय नाय?"

"माझ्या हातानं नाय लावायची हिला." तोंड उघडत नसल्यानं शब्द जड आणि अर्धवट येत होते. अंगण गप्प झालं, म्हणून ते ऐकू गेले. "मला लावली तुमी, मी काय बोलले नाय आत्याबाई. तुमची काय चुकी, तुमालाबी कुनीतरी लावलीच की. पन हिला नाय."

"चार बायांत काय लावलंय हे? तुझे मामंजी बसलेत ओसरीवर!"

"बसू द्या. त्यांनीबी बघावं."

तिनं बोटावरची मिश्री मातीत झटकली. डोक्यावरचा आणि ओठांवरचा पदर खांद्यावर घेतला. उन्हाकडे तोंड वळवलं आणि दोन बोटं उघडणारं ते तोंड होईल तेवढं उघडलं. कळ आली असणार, कारण डोळ्यांतून पाणी वाहिलं. "अपे, बॅटरी लाव. दाव सगळ्यायला."

अपेक्षानं मोबाईलचा उजेड पाडला. आधी कोणी पुढं येईना. मग मोनिका पाटावरून उठली, पोट सावरत वाकली आणि तिनं पाहिलं. मग शेजारीण, मग जावा, मग पाहुण्या. बघणारी प्रत्येक बाई मागं सरकताना नकळत आपल्या गालाला हात लावत होती. ओसरीवर काकासाहेब खाली मान घालून बसले. लक्ष्मीबाई उठून घरात गेल्या, त्या संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

बायका पांगायला लागल्या तेव्हा मागच्या आळीतल्या एकीनं अपेक्षाला बाजूला ओढलं. "माझ्याबी गालात पांढरं हाये गं. दुखत नाय म्हणून बोलले नाय." तिच्यानंतर आणखी दोघी आल्या. अपेक्षानं तिघींची नावं लिहून घेतली आणि त्याच आठवड्यात तिघींना मॅडमकडे नेलं. दोघींचा चट्टा मिश्री सोडली तर थांबेल असा निघाला. तिसरीचा तुकडा तपासायला गेला. मोनिकेच्या हिरड्या मॅडमनी अर्ध्या तासात साफ केल्या.

रत्नमालेच्या गालातला तुकडा कार्याच्या दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात काढला होता, त्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. कॅन्सरच होता. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, "दिवाळीत आला असतात तर गालातला तुकडा काढून भागलं असतं. आता हाडाला लागलंय. डावीकडचा जबडा काढावा लागेल." वाचतील का, असं अपेक्षानं विचारलं. ते म्हणाले, प्रयत्न करू.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी एक तरुण डॉक्टर माहितीचा कागद भरायला खाटेपाशी आली. रत्नमाला तपासणीला गेली होती, म्हणून तिनं पुंडलिकरावांनाच विचारलं.

"तिखट खाणं कधीपासून बंद झालं यांचं?"

पुंडलिकरावांनी अपेक्षाकडे पाहिलं.

"कोणत्या बाजूनं चावायच्या? भाकरी चावता येणं कधी थांबलं? वजन कधीपासून उतरलं?"

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या म्हशीनं एका संध्याकाळी वैरण सोडली होती, तर त्यांनी तासाभरात जनावरांचा डॉक्टर गाठला होता. किती पेंढ्या खाल्ल्या, रवंथ कधी थांबला, जीभ कशी दिसते, सगळं घडाघडा सांगितलं होतं. आता ते नुसते पोरीकडे बघत राहिले.

अपेक्षाला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती. वाटीतलं पाणी, धुतलेली फोड, दुधातली भाकरी. नेहमीसारखं तिनं सांगून टाकलं असतं तर बापाची सुटका झाली असती.

"अण्णा, तुमीच सांगा," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टर पेन धरून थांबली. पुंडलिकरावांचे ओठ हलले. "मी..." ते म्हणाले, "मी तिला जेवताना कव्हा बघितलंच नाय."

वाचकहो, तुमच्या घरातही कोणीतरी सगळ्यांच्या शेवटी जेवत असेल. ती आज काय जेवली आणि कोणत्या बाजूनं चावली, हे तुम्हाला सांगता येईल का? येत नसेल तर हा पेपर खाली ठेवा. तिला उजेडात बसवा आणि म्हणा, तोंड उघड, बघू दे.