चांदीचा अभ्रा

थेल्डा ब्रॉकने चांदीचे धागे विणलेलं कापड शिवायला घेतलं, तेव्हापासून गोधडीमंडळातल्या बायका नाकं मुरडत होत्या. उशीचा अभ्रा, पायाखालची चटई, मनगटाची पट्टी. कोपऱ्यात टिचबटण, बटणाला वायर आणि वायरचं टोक भिंतीतल्या अर्थिंगच्या भोकात. ओरेगनच्या त्या गावात निम्मी माणसं सकाळी अनवाणी गवतात फिरायची, अंग जमिनीला टेकलं की झोप छान लागते म्हणून. ज्यांचे पाय गारठायचे त्यांच्यासाठी ही अंथरुणातली माती. याने खरंच गुण येतो का, असं कुणी विचारलं की थेल्डा सांगायची, "ते तुमच्या झोपेला विचारा. मला शिवणाचं विचारा."

आज चर्चची शरदातली जत्रा होती. मंडळाच्या टेबलावर काय मांडायचं ते यूडोरा क्लिंग ठरवायची. ही ऐंशी ओलांडलेली बाई प्रत्येक वस्तू आधी उलटी करायची, कारण पुढून सगळ्याच छान दिसतात. थेल्डाला या टेबलावर जागा हवी होती. बाहेर मधाच्या बरण्यांशेजारी खुर्ची टाकून बसणं तिला मुळीच मान्य नव्हतं. या मंडळात तिचे केस पांढरे झाले होते.

यूडोराने अभ्रा उलटा केला, शिवणीवरून नख फिरवलं. "टाके बरे आहेत."

तिच्या तोंडून 'बरे' म्हणजे पदकच. थेल्डाची मान ताठ झाली.

"पण यातून वीज जाते म्हणतेस ना? मग दाखव."

थेल्डाने वीज वाहिली की वाजणारा मीटर पिशवीतून काढला, त्याची एक सुई बटणाला लावली, दुसरी लांबच्या कोपऱ्याला. मीटर गप्प. कोपरा बदलला. तरी गप्प.

"मीटरलाच झोप लागली गं!" मंडळातली पर्ल ओरडली. "म्हणजे गुण आला!"

सगळ्या खो खो हसल्या. थेल्डाने कापडावर नख घासलं, तर नखात पांढरी भुकटी. खळ! यूडोराच्या नजरेला कडक दिसावा म्हणून काल तिनेच खळ फवारून इस्त्री फिरवली होती. गोधडीवाल्या बायकांची खोडच ती, कापड हाताशी आलं की आधी खळ. चांदी त्या थराखाली गुदमरली होती.

"मीच गाढव!" ती म्हणाली आणि तळघरातल्या मोरीकडे धावली. साबण नाही, काही नाही, नुसत्या कोमट पाण्यात तिने अभ्रा खळबळून काढला. पिळला, वर टेबलाशी येऊन मीटर लावला. टीऽऽ!

"ओलं फडकंही वाजेल," यूडोरा म्हणाली. "वाळव आधी."

म्हातारीचं खरं होतं, आणि ते थेल्डाला आवडलं. तपासावं तर असं. ती अंगणात गेली, तशी पर्लही मागोमाग आली आणि तिने न विचारता दुसरं टोक धरलं. दोघी वाऱ्यावर अभ्रा झटकत राहिल्या.

"हसले म्हणून राग आला?"

"आला ना. ताणून धर."

दारं उघडायची वेळ झाली तेव्हा अभ्रा कोरडा खडखडीत होता आणि म्हशीने चघळल्यासारखा दिसत होता. थेल्डाने यूडोरासमोर एकेक कोपरा तपासला. प्रत्येक कोपरा वाजला.

"फार चुरगळलाय," यूडोरा म्हणाली.

"हो, मिसेस क्लिंग. पण आता त्यात लपवाछपवी नाही. हा असाच मांडणार असाल तर मांडा."

यूडोराने तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून मंडळाने पसंत केलेल्या वस्तूला लावायची निळी चिंधी काढून तिने स्वतःच्या हाताने ती अभ्र्याच्या मागे टाचली. "पुढच्या रांगेत."

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे शहरातून आलेली एक नटवी बाई. तिने अभ्रा दोन बोटांत उचलला. "अय्या, किती चुरगळलेला! कुणी केलाय हा?"

थेल्डा तोंड उघडणार, तोच पर्ल पुढे झाली. तिने मीटर उचलला.

"आम्ही केलाय. वाजवून दाखवू?"