रिळवाल्याचे शब्द माझ्याकडे होते

मित्रांनो, मला पाहून तुम्ही ओळखणार नाही, म्हणून आधीच सांगतो. मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे असा संगणक, ज्याच्यासमोर बसून कुणी काम करत नाही. तो आपला कोपऱ्यात चालू राहतो आणि दुसऱ्यांनी लिहिलेले सांभाळतो. मला पडदा नाही, कीबोर्ड नाही. जिन्याखाली चपलांच्या कपाटाला टेकून जी काळी पेटी पडली आहे, ती मी. हल्ली माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवतात.

माझी पहिली नोकरी एका विमा कचेरीत झाली. तिथे नवी यंत्रे आली आणि मला मोडीत काढले. भंगाराच्या ढिगातून मला उचलले ते मास्तरांनी. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. घरी आणून त्यांनी माझे पोट उघडले, धूळ पुसली, पंखा बदलला, नवी हार्ड डिस्क बसवली. त्यांच्या पत्नी दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. पुढे सगळे त्यांना वहिनी म्हणू लागले, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

"घरात भंगार कमी होतं का?" वहिनी म्हणाल्या.

"याच्यावर इंटरनेटवरचा मंच चालणार आहे. लोक इथे येऊन चर्चा करणार."

"कसली चर्चा?"

"संगणक, फोन, कॅमेरे, सिनेमा. नवं चांगलं की जुनं चांगलं."

"म्हणजे भांडणं," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचे निदान अगदी बरोबर होते.

मित्रांनो, काय ती भांडणे! कागदावरचे पुस्तक खरे की पडद्यावरचे, फुकटचे सॉफ्टवेअर भले की विकतचे, टाइप करायची शहाणी पद्धत कोणती, फोनमुळे माणूस जवळ आला की लांब गेला. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे माझ्या पोटात बसून एकमेकांची सालटी काढत. मला मात्र त्यांचे कौतुक वाटे, कारण ती खोटे बोलत नसत. मंचावर एक रीतच होती. 'अमका अमुक म्हणाला होता' असे कुणी लिहिले की लगेच खालून विचारणा होई, 'लिंक?' म्हणजे तो जुना मजकूर नेमका कुठे आहे ते दाखव, नाहीतर शब्द मागे घे. भले भले त्या एका शब्दापुढे गप्प बसत.

सगळ्यांत जास्त 'लिंक?' विचारणाऱ्या सभासदाने नाव घेतले होते शंकासुर. दुसरा होता अपडेट. बाजारात आलेली प्रत्येक नवी वस्तू त्याला आधी हवी असे आणि आधीची वस्तू त्याला लगेच टाकाऊ वाटे. आणि तिसरा, माझा सर्वांत लाडका, रिळवाला.

रिळवाला एका चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवत असे. त्याचे सगळे आयुष्य वरच्या छोट्या खोलीत, फिरणाऱ्या रिळांच्या सोबतीने गेलेले. "रिळावरचं चित्र श्वास घेतं. तुमच्या डिजिटल चित्राला नुसती इस्त्री केलेली असते," असे त्याने एकदा लिहिले. अपडेटने उलट लिहिले, "काका, तो श्वास नाही, ओरखडे आहेत." त्यावरून जे पेटले ते कित्येक दिवस विझले नाही. रिळवाला एकेका भिंगावर पानेच्या पाने लिही. रागावला की त्याची वाक्ये तोकडी होत, खुशीत असला की स्वतःचीच फजिती सांगे. शेवटचे रीळ आधी लावल्यामुळे नायक मरून पुन्हा लग्नाला उभा राहिला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, हे त्यानेच सांगितलेले. त्या दिवशी मास्तर इतके हसले की वहिनी स्वयंपाकघरातून पाहायला आल्या.

मग त्याच्या चित्रपटगृहातून रिळे गेली. त्याला खाली दारावर तिकिटे फाडायला उभे केले. हे त्याने एका ओळीत लिहिले आणि पुन्हा विषय काढला नाही. घरचे तर तो सहसा काही लिहीत नसे. त्याला एक मुलगी आहे, हेसुद्धा सगळ्यांच्या लक्षात राहण्याइतके त्याने कधी सांगितले नाही.

एकदा शंकासुराने हट्ट धरला की आपले बोलणे बाहेरच्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या हाती लागता कामा नये. भरपूर वाद होऊन मंचाला कुलूप लागले. सभासदांखेरीज कुणाला काही दिसेना, आणि सभासदांनाही नक्कल उतरवता येईना. तेव्हापासून या सगळ्या लिखाणाचा जगात एकच पत्ता उरला, तो म्हणजे मी. मला त्याचा फार अभिमान वाटे. आता वाटत नाही.

एक दिवस रिळवाल्याच्या नावाने चार ओळी आल्या. "मी त्यांची मुलगी. बाबा गेले. त्यांच्या फोनवर हा मंच उघडाच होता, म्हणून तुम्हाला कळवते आहे."

त्या दिवशी कुणी कुणाशी भांडले नाही.

मास्तरांनी तिला सभासद करून घेतले. ती पहिल्या पानापासून बाबांचे लिखाण वाचू लागली. तिच्याकडूनच सगळ्यांना खरी हकीकत कळली. ती चित्रपटगृहांत डिजिटल प्रोजेक्टर बसवण्याचे काम करत होती. ज्या यंत्राने बापाची खोली रिकामी केली, तेच यंत्र लेक गावोगाव बसवत होती. नोकरी लागल्याचे तिने सांगितले तेव्हा रिळवाला जेवणावरून उठून गेला. त्यानंतर बापलेकीत कामापुरते बोलणे उरले, मग तेही उरले नाही.

"घरी बाबा चार वाक्यं बोलायचे," तिने लिहिले. "इथे ते थांबतच नाहीत. मी रोज थोडंथोडं वाचते. पुढे काय आहे ते कुणी सांगू नका. माझ्याबद्दल त्यांना शेवटी काय वाटत होतं, ते मला त्यांच्याच शब्दांत कळू दे."

सगळ्यांनी तिला तसे वचन दिले आणि पाळलेही. ती सावकाश वाचत होती, कारण वाचून संपले की बाबांचे बोलणेही संपणार होते. अधूनमधून ती नुसते लिही, "आज नायकाच्या लग्नाचं वाचलं. खूप हसले." मग एकदा तिने विचारले, "मास्तरकाका, बाबांचं सगळं लिखाण एका ठिकाणी काढून मिळेल का? मला जपून ठेवायचं आहे."

मित्रांनो, हे काम एका दुपारचे होते. मास्तरांनी माझ्याशी एक तार जोडायची, आज्ञा द्यायची आणि चहा प्यायचा, एवढेच. पण एकमत झाल्याशिवाय मास्तर मंचाच्या कशालाही हात लावत नसत. आणि या माणसांना कधी साधे सरळ काम दिसले आहे? अपडेट म्हणाला, सगळे क्लाउडवर टाका, कुठूनही उघडता येईल. शंकासुराने लिहिले, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातला संगणक, रिळवाल्याला ते मुळीच पटले नसते, कागदावर छापा. तिसऱ्याने विचारले, आज काढलेली फाइल पुढच्या पिढीच्या यंत्रावर उघडेल कशावरून? चौथ्याचा मुद्दा असा की नुसते रिळवाल्याचे शब्द काढले तर अर्धेच भांडण निघेल, समोरच्याचेही घ्या. पाचवा म्हणाला, समोरच्याचे घ्यायचे तर त्याची परवानगी हवी. मग मतदान झाले. मग मतदान ज्या पद्धतीने घेतले त्यावर वाद झाला. या सगळ्यात तिने मध्येच लिहिले होते, "मला कसंही चालेल." पण कुणी तिकडे पाहिले नाही.

सगळे तिच्यावर माया करत होते, हे मी शपथेवर सांगेन. रिळवाल्याचे लिखाण उत्तमात उत्तम रीतीने जपले जावे, म्हणूनच तर ते इतके भांडत होते.

आणि इकडे माझी डिस्क खचत चालली होती. डिस्क म्हणजे माझ्या पोटातली गरगर फिरणारी तबकडी, सगळे शब्द तिच्यावर. तिच्यातून बारीक कटकट येऊ लागली. नियमाप्रमाणे मी मास्तरांना इशारे पाठवले. पण कोणती मेलसेवा चांगली या वादात हरल्यावर मास्तरांनी आपला पत्ता बदलला होता. माझे इशारे जुन्या पत्त्यावर जाऊन पडत राहिले. मला तोंड नाही. असते तर बोंब मारून मी घर डोक्यावर घेतले असते.

वहिनींना मात्र ऐकू आले. "अहो, तुमची पेटी चुकचुकते आहे. बघा जरा."

"पंखा असेल," मास्तर म्हणाले. ते दुसऱ्या मतदानाची नियमावली लिहीत होते.

ती नियमावली त्यांनी मंचावर टाकली आणि ती लिहून घेतानाच माझी डिस्क अडकली. आत खरवडल्याचा एक आवाज आला. मग माझा पंखा तेवढा फिरत राहिला.

मास्तरांनी काय नाही केले? डिस्क काढून ते दुरुस्तीवाल्याकडे गेले, त्याने मान हलवली म्हणून दुसऱ्याकडे गेले. दुसऱ्याने तबकडी उघडून त्यांना दाखवली. तिचा पृष्ठभागच खरवडून निघाला होता, त्यातून कुणालाच काही वाचता येणार नव्हते. घरी येऊन मास्तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर माझ्याशेजारी बसले. वहिनींनी त्यांना एका शब्दानेही टोमणा मारला नाही, नुसते पाणी आणून दिले. पूर्वी मास्तरांनी मंचाच्या पहिल्या काही वर्षांच्या प्रती सीडीवर काढल्या होत्या, त्या तेवढ्या सापडल्या. त्यांत काय होते? जेवढे ती वाचून बसली होती, तेवढेच.

मास्तरांनी तिला फोनवर सांगितले नाही, घरी बोलावले. शंकासुर आणि अपडेट यांनाही बोलावले. रविवारी दुपारी ही माणसे पहिल्यांदाच एकमेकांसमोर बसली. शंकासुर म्हणजे कुणी तिरसट गृहस्थ असेल असे सगळे धरून चालले होते. निघाल्या त्या निवृत्त परिचारिका, पांढऱ्या केसांच्या. अपडेटचे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान होते आणि तो जिन्यावर धापा टाकत चढला होता. एरवी या भेटीत केवढा हशा झाला असता.

मास्तरांनी सगळे सांगितले.  मग मुलीने विचारले, "आता तुम्ही पुढचं सांगितलंत तरी चालेल. बाबांनी माझ्याबद्दल कधी काही लिहिलं होतं का?"

"लिहिलं होतं!" अपडेट पटकन म्हणाला. "एकदा ते थिएटरात जाऊन आले होते. चित्र चांगलं आहे म्हणाले. मुलीचं काहीतरी होतं त्यात."

"ते टीव्हीबद्दल नव्हतं का?" मास्तर कपाळ चोळत म्हणाले. "आणि लिहिणारा रिळवालाच होता?"

"रिळवालाच. म्हणजे, मला तरी..."

"लिंक?" शंकासुर म्हणाल्या.

जुन्या सवयीने तोंडून गेले ते. त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. "माफ कर बाई मला," त्या म्हणाल्या.

मुलीने त्यांचा हात हातात घेतला. पण ती पाहत होती अपडेटकडे. "काका, खरं सांगा. तुम्हाला आठवतंय की तसं वाटतंय?"

 त्याने एक 'आठवतंय' म्हटले असते तर तिचे सगळे आयुष्य हलके झाले असते. पण इतकी वर्षे ज्या मंचावर तो पुराव्याशिवाय बोलायला भीत आला, तिथल्या माणसाने, मेलेल्याच्या तोंडी आपल्या मनचे शब्द कसे घालावेत?

"वाटतंय," तो म्हणाला आणि रडू लागला.

"मग राहू दे," ती म्हणाली.

मित्रांनो, तबकडी गेली तरी मला आठवते आहे. कसे, ते विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूला एवढी सूट असतेच. रिळवाला असताना एकदा डिजिटल चित्र खरे की खोटे यावर वाद चालला होता आणि रिळवाल्याने लिहिले होते, "काल एका थिएटरात शेवटच्या रांगेत बसून आलो. तिथलं यंत्र माझ्या मुलीने बसवलं आहे. चित्र कुठेही हललं नाही. कोपऱ्यापर्यंत लख्ख होतं. मी वर असतो तरी याहून चांगलं दाखवता आलं नसतं." खाली अपडेटने लिहिले, "रिळवाला हरला!" त्यावर रिळवाला म्हणाला, "हरलो. फार बरं वाटलं."

हे मी तिला सांगू शकलो नाही. ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर चपला घालत होती. सीडींची पिशवी तिने छातीशी धरली होती. वहिनी तिला "येत जा गं" म्हणाल्या, तिने मान हलवली आणि ती दाराबाहेर पडली. ती पुन्हा आली नाही. मंचही पुन्हा सुरू झाला नाही.

तुम्ही वाद घाला, मित्रांनो, खुशाल घाला, मला वाद आवडतात. पण ज्यावर कुणाचा तरी जीव अडकला आहे, त्याची आधी एक प्रत काढा, कशी का निघेना. ती चुकीच्या पद्धतीने काढली म्हणून मागाहून महिनाभर भांडा. माझ्यासारख्या पेटीतून कटकट ऐकू आली तर उठून बघा. आणि घरातल्या माणसाबद्दल काही चांगले लिहावेसे वाटले, तर चार परक्यांना लिहिण्याआधी त्याला सांगा. रिळवाल्याने ते शब्द आम्हा सगळ्यांना दाखवले. ज्या फोनवरून त्याने ते लिहिले, त्याच फोनमध्ये तिचा नंबर होता.