रेड विलोचे शेवटचे शब्द

जॉलीनने कागदांचा गठ्ठा आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकला. निम्म्याहून जास्त ओळी लाल झाल्या होत्या.

अल्विनाआत्या दगडाने चोकचेरीची जांभळी रानफळं कुटत होती. वय पंच्याऐंशी, पण हात थांबला नाही.

"हे रक्त कुणाचं गं?"

"तुझंच. कॉम्प्युटर म्हणतो, एकसष्ट टक्के मजकूर उचललेला आहे. त्या प्राध्यापकाच्या पुस्तकातून."

सरदार रेड विलो हा आत्याचा आजोबा. अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या रोझबड वस्तीतल्या शाळांसाठी त्याचं चरित्र तिने लिहिलं होतं, आणि छापण्याआधी ते तपासायचं काम कॉलेजच्या ग्रंथालयात बसणाऱ्या जॉलीनच्या गळ्यात पडलं होतं. तीन आठवडे ती एकेका वाक्याचा माग काढत होती. प्रत्येक लेख, प्रत्येक फलक फिरून त्याच पुस्तकाशी येऊन थांबे. आणि पुस्तकात तळटीप काय, तर 'एक स्थानिक महिला'.

"ती महिला म्हणजे मी," आत्या म्हणाली. "तीन उन्हाळे याच खुर्चीत बसून माझं सूप ओरपत माझ्याकडून सगळं लिहून घेत होता तो. आणि आता चोर मी होय?"

"मला ठाऊक आहे गं! पण शाळांच्या समितीला छापील पुरावा हवा, आणि छापील म्हणजे त्याचंच पुस्तक. मी तरी काय करू?" जॉलीनचा आवाज चढला. तिने एक पान ओढून काढलं. "निदान रेड विलोचे शेवटचे शब्द तरी त्या प्राध्यापकाच्या नावावर टाकू दे. 'माझी माणसं गवतासारखी पुन्हा उगवतील.' शाळेच्या भिंतीवर रंगवलेत ते."

कुटणं थांबलं.

"ते काढून टाक."

"का?"

"ते मी रचलं." आत्याने जांभळी बोटं फडक्याला पुसली. "रोज उठून विचारायचा, शेवटी काय म्हणाले, शेवटी काय म्हणाले. डोकं उठवलं होतं मेल्याने. दिलं काहीतरी ठोकून. त्याला तर रडूच आलं."

जॉलीनने हातातलं पान टेबलावर ठेवलं. तीन आठवडे!

"मग तू स्वतः तेच का लिहिलंस?"

"पोरांना पाठ झालंय ना."

"आणि खरं काय होतं?"

आत्याने भांडं बाजूला सारलं.

"माझी आई आजोबाच्या उशाशी होती. त्याने पाणी मागितलं. घरात नव्हतं, म्हणून ती ओढ्यावर पळाली. परत आली तोवर गेला होता." तिने फडकं घडी करून ठेवलं. "मला एकदाच सांगितलं तिने. मरायच्या आधी."

जॉलीनने त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. समासात पेन्सिलीने लिहिलं : पाणी मागितलं. शेजारी 'स्रोत' लिहून ती थांबली.

"आत्या, तुझ्या आईचं पूर्ण नाव सांग. सावकाश सांग, एकही अक्षर चुकायला नको."