भाऱ्याला हात लावणारा घोडा

मी भाऱ्याचा घोडा बोलतोय. शर्यतीतला नाही, वरातीतला तर अजिबात नाही. चार पाय लोखंडाचे, शेपूट नाही, आणि मी गवत खात नाही, उचलतो. निरवांगीच्या शिवारात बांधावर उभा असतो. सरकारनं मला पेटंट दिलंय. हसू नका. तुमच्याकडं आहे का एखादं?

माझ्या कागदावर आधी एक नाव कमी होतं. ते ज्याच्यामुळं राहून गेलं त्यानंच मला घडवलं, म्हणून त्याला फार बोलवत नाही. पण थोडं बोलणारच.

त्याचं नाव कचरू. साखर कारखान्यात फिटर होता. रिटायर झाला आणि घरातली एकेक वस्तू खोलून बसायला लागला. बायको तुळसा. दोघांची एक म्हैस आणि वैरणीपुरतं रान. तुळसा रोज सकाळी वैरण कापायची, भारा बांधायची आणि मग नुसतीच उभी राहायची. भारा डोक्यावरून नेता येतो, पण एकटीला डोक्यावर चढवता येत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो. ज्यानं जन्मात भारा उचलला नाही त्याला हे कळायचं नाही.

पूर्वी रानात माणसं असायची. तरी कचरूची आई झुंबर भारा बांधून उभी असली की काही जण बघूनही पुढं जायचे. हिच्या भाऱ्याला आपण हात कसा लावायचा, म्हणून. कचरू ते बघत मोठा झाला. आता तसं तोंडावर कुणी करत नाही. पण आता रानात माणूसच नसतो. असला तर मोटरसायकलवर, कानात वायर घालून.

एकदा तुळसानं वाट बघून बघून एकटीनंच भारा वर ओढला आणि मान धरली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा हिसका बसला तर हात जाईल.

"म्हस विकू," कचरू म्हणाला.

"आदी मला विका," तुळसा म्हणाली.

म्हैस राहिली आणि मी जन्माला आलो. जुन्या खाटेचे पाईप, ट्रॅक्टरचा मोडका जॅक, आणि काळ्या रानात रुतू नये म्हणून पायांखाली चार तवे. त्यातला एक तवा रोजच्या भाकरीचा निघाला. त्यावरून त्या घरात जे झालं ते मी सांगणार नाही.

माझं काम सोपं. गुडघ्याएवढ्या उंचीला माझी फळी असते, समोरून डोकं-खांदे शिरतील एवढी खाच पाडलेली, तिच्यावर भारा ठेवायचा. पायानं दांडी दाबत राहायची, फळी थोडी थोडी वर चढते. डोक्याच्या उंचीला आली की खाली शिरायचं, भारा डोक्यावर घ्यायचा आणि चालू पडायचं.

पहिल्या दिवशी तुळसा खाली शिरली, फळी धाडकन पडली आणि भारा चिखलात.

"तुला घेता येईना व्हय?" कचरू उलटा तिच्यावरच खेकसला.

"मला चाळीस वर्सं घेता येतंय. तुमच्या घोड्यालाच देता येईना. हात लावणारं माणूस असं टाकून देतं का? डोक्यानं भार घेतला का न्हाय ते बघतं, मग हळूच सोडतं."

कचरू तीन दिवस फुगून बसला. चौथ्या दिवशी गुपचूप कामाला लागला आणि मला एक खटका बसवला. खालून डोक्यानं भार पेलला, फळी हलकी झाली, की मगच तो खटका सुटतो. त्याआधी जगबुडी झाली तरी सुटत नाही. त्या दिवशी मी घोडा झालो. तोवर नुसती उभी केलेली खाट होतो.

त्यांची लेक मेघना इंजिनिअर. तिनं अंगणात बसून पेटंटचा अर्ज भरला. विचारलं, "आण्णा, शोध कुणी लावला?"

"मी. आनि कोन?"

तुळसा चहा घेऊन आली होती. कप ठेवला आणि आत गेली. चहात साखर नव्हती. कचरूला तेही कळलं नाही, फुर्र करून प्याला.

पुढं पेटंटच्या साहेबांनी सुनावणी लावली, व्हिडिओवर. मेघनानं लॅपटॉप माझ्यासमोर मांडला. साहेब म्हणाले, "काका, जॅक जुना, फळी जुनी. यात नवीन काय?"

उत्तर नीट गेलं नाही तर अर्ज बाद. कचरू जॅकवर बोलला, तव्यांवर बोलला. साहेबांचं आपलं तेच, नवीन काय? कचरू पुन्हा जॅकवर आला.

"खटका सांगा की!" तुळसा मागून ओरडली.

"त्या कोण?" साहेबांनी विचारलं.

कोण म्हणजे? ती पदर खोचून पुढं आली. फळीवर भारा ठेवला, दांडी दाबली, खाली शिरली. "बगा सायब, अजून धरलंय त्यानं. आता माज्या डोक्यानं घेतलं, तवा सोडलं. माणूस असंच करतं. तुमचा जॅक करतो का?"

साहेब कॅमेऱ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "हे सुचलं कुणाला?"

कचरूनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगू? मला तोंड कुठं होतं तेव्हा.

"हिला," तो म्हणाला.

"अर्जात तर तुमचं एकट्याचंच नाव आहे."

"अर्ज चुकलाय." मग घसा खाकरून, "न्हाय. मी चुकलोय. हिचं नाव घाला. बसत नसंल तर माजं काडा."

"आण्णा, तसं नसतं," मेघना कुजबुजली.

"मग कसं असतं तसं कर!"

नाव घालायला वेगळा अर्ज गेला. पेटंट मिळालं ते दोघांचा शोध म्हणून. तुळसाला शोधकर्ती म्हणून वेगळा दाखलाही आला. तिनं मेघनाकडून तो दोनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा कचरूला वाचायला लावला, मोठ्यानं.

आता माझे सांधे कुरकुरतात, रंग उडालाय. चालायचंच. माझ्यावर कपडे वाळत घालू नका, एवढं ऐका. आणि बांधावर कुणी भारा बांधून उभी दिसली तर गाडी थांबवा. घोडा आहे म्हणून माणसानं पुढं निघून जावं, असं माझ्या पेटंटात कुठं लिहिलेलं नाही.

परवा लासुर्ण्याहून अनिता नावाची एक बाई मला बघायला आली. म्हणाली, "मामा, लई भारी केलंय की तुमी."

"हिनं केलंय," कचरू म्हणाला. "मी नुसतं वेल्डिंग मारलं."

तुळसा माझ्याकडून भारा घेऊन वाटेला लागली होती. मागं वळता येत नव्हतं, तशीच पुढं बघून ओरडली, "ते बी वाकडं!"

वाकडं आहे खरं. पण धरतं.