कोठीतले दगड

केशवरावांच्या घराला लागून असलेल्या कोठीला भर दुपारी आग लागली, तेव्हा अर्धं गाव पाणी घेऊन धावलं आणि अर्धं नुसतं तोंड घेऊन. बंबाचा जमादार भगवंत आला आणि नेहमीप्रमाणे नळी उघडण्याआधी मालकासमोर उभा राहिला. आत काय आहे ते मालकानं चारचौघांत सांगायचं, मगच पाणी, ही त्याची शिस्त. घर जळतंय आणि हा सोयरिकीला आल्यासारखी चौकशी करतोय, म्हणून लोक त्याची टर उडवत.

"केशवराव, आत काय हाये?"

वराती उजळायचा केशवरावांचा धंदा. त्यांचे गॅसचे दिवे पार अकोल्यापर्यंत जात. शिवाय बंब चालवणाऱ्या गावच्या कमिटीचे ते मेंबर. परवाने बघणारे कमिटीचे सेक्रेटरी वामनराव शेजारीच उभे होते; त्यांच्याकडे केशवरावांनी हळूच पाहिलं.

"मांडवाचे बांबू, तट्टे. अन् दगडं."

"कायचे दगडं?"

"दगडाले का नाव राहते का बे? पानी मार! माह्या घराले आंच लागून राहिली."

भगवंतानं हात वर केला. त्याचा धाकटा भाऊ पुंजाराम नळी घेऊन दारात शिरला. दादानं हात वर केला की दुसरं काही विचारायचं त्याला ठाऊकच नव्हतं.

पाणी आत पडलं आणि लसणासारखा उग्र भपकारा आला. वरातीच्या दिव्याशेजारून चाललेल्या कोणालाही ओळखता येईल असा तो वास. कारबाईट! त्यावर पाणी पडलं की गॅस सुटतो, म्हणून तर ते दिवे जळतात.

"पानी बंद! पुंजा, भायेर ये!"

तोवर कोठीनं भडका दाराबाहेर ओकला होता.

मग रेतीच्या पाट्या ओतून आग विझवली. केशवरावांच्या घराच्या रंगालाही धक्का लागला नाही. पुंजारामला त्यांच्याच ओसरीवर बसवून डॉक्टरकडे माणूस धाडला. त्याच्या पापण्या जळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"म्या त दगडंच म्हटलं होतं," केशवराव जमलेल्यांना सांगत होते. "आमच्या धंद्यात कारबाईटले दगडच म्हनतात. इचारा कोनालेबी."

भगवंताला शिसारी आली ती याचीच. माणूस सरळ खोटं बोलला असता तरी परवडलं असतं. यानं धंद्यातला खरा शब्द पुढे केला आणि त्याच्या आड बसून पुंजाला आगीत घातलं.

"अन् जाता जाता ओसरीवरची रेती तेवढी धुऊन टाका," केशवराव म्हणाले. "संध्याकाळी पाव्हने येऊन राहिले."

भगवंत त्यांच्या पायाशी पचकन थुंकला. नोकरी गेली तर गेली. तो वामनरावांकडे वळला.

"कारबाईटचा परवाना नाही, म्हनून यायनं तुमच्यासमोर नाव घेतलं नाही. तुमी जवळच उभे होते. 'कायचे दगडं' असं म्या इचारलं, ते आयकलं का नाही, सांगा?"

वामनरावांच्या हातात केशवरावांच्या घरची चहाची बशी होती. ते बशीत बघत राहिले. गर्दीत वरातीचे दिवे वाहणारे होते, त्यांनी माना खाली घातल्या.

पुंजारामनं कानोसा घेत मिटल्या डोळ्यांचा चेहरा इकडे तिकडे फिरवला.

"दादा, सारे गेले का?"

"नाही रे," भगवंत म्हणाला. "सारे इथंच हायेत."